नाक्याच्या आतले दुकान : ब्रेक्झिटनंतरचे भांडवल आणि मजूर

ब्रेक्झिटचा विषय आपल्याकडे निघाला की बोलणे हमखास इंग्रजांच्या फजितीवर घसरते. दीडशे वर्षे आपल्यावर राज्य केलेला देश युरोपच्या दारात ताटकळतो आहे, याचा एक बारीकसा आनंद आपल्या बोलण्यात असतो. तो मनुष्यस्वभाव झाला. परंतु वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तरी या घटनेकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये, असे मला वाटते. परकीय भांडवल एखाद्या देशात का येते, का जाते, आणि त्याच्या या ये-जा करण्यात सर्वांत कमी पगाराच्या माणसाचे काय होते, हे आमच्या पाठ्यपुस्तकातल्या चार व्याख्यांपेक्षा या एका प्रकरणात अधिक स्वच्छ दिसते.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले आणि सुमारे ५२ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडले, आणि ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपून जुने संबंध खऱ्या अर्थाने तुटले. त्या कौलामागे स्वाभिमान, संसदेचे अधिकार, जुन्या वैभवाची आठवण अशा अनेक गोष्टी होत्या. मी त्यांतल्या एकाच आश्वासनाबद्दल लिहिणार आहे. ते असे, की बाहेरून येणारा स्वस्त मजूर थांबवला म्हणजे इथल्या गरिबाचा पगार वाढेल. माझे मत असे आहे की मजुरासाठी लावलेल्या त्या दारातून भांडवल आधी निसटले. आणि मजूर तर थांबलाच नाही, फक्त पूर्वीपेक्षा अधिक लाचार होऊन आला.

हे कळण्यासाठी लंडन सोडून स्विंडनकडे पाहावे लागते. लंडनच्या पश्चिमेला साधारण सव्वाशे किलोमीटरवरचे हे शहर रेल्वेच्या कारखान्याभोवती वाढले. तो कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. पण त्याच्या आदल्याच वर्षी होंडा या जपानी कंपनीने गावाबाहेरची एक जुनी विमानाची धावपट्टी विकत घेतली होती. १९९२ पासून तिथे मोटारी तयार होऊ लागल्या. निसानने १९८६ मध्ये उत्तरेकडील संडरलंडला कारखाना काढला, टोयोटाने १९९२ मध्ये डर्बीशायरला. मार्गारेट थॅचरबाईंचे सरकार या जपान्यांना आग्रहाने बोलावीत होते.

आता प्रश्न असा, की जपान्यांना इंग्लंडचे एवढे प्रेम कशासाठी? आपल्या वडीलधाऱ्यांना जकात नाका आठवत असेल. जकात कधीच गेली, शब्द मात्र अजून तोंडात आहे. नाक्याच्या बाहेरून माल आणला तर जकात भरायची. दुकान नाक्याच्या आत थाटले तर माल फुकट फिरायचा. युरोपच्या बाहेरून येणाऱ्या मोटारीवर १० टक्के जकात होती. ब्रिटन त्या नाक्याच्या आत होते, तिथली भाषा जपानी व्यवस्थापकांना थोडीफार येत होती आणि सरकार अनुकूल होते. म्हणून दुकान तिथे थाटले गेले. होंडाला हवे होते ते युरोपचे गिऱ्हाईक. ब्रिटन हा त्या गिऱ्हाइकाकडे जाण्याचा दरवाजा होता. मला वाटते, परकीय गुंतवणुकीवर शेकडो पाने लिहिली जातात, त्यांतले निम्मे मर्म एवढ्यात आले.

मग ज्या स्विंडनचे पोट त्या दरवाज्यावर होते, त्यानेच दरवाजा लावण्याच्या बाजूने सुमारे ५५ टक्के मते कशी दिली? निसानच्या संडरलंडने तर ६१ टक्के दिली. आमच्या वर्गात या प्रश्नाचे उत्तर 'अडाणीपणा' असे एका शब्दात मिळाले. मला ते पटत नाही. २००८ च्या मंदीनंतर सुमारे दहा वर्षे ब्रिटनमधील खरे वेतन, म्हणजे महागाई वजा जाता हातात राहणारे वेतन, जुन्या पातळीच्या वर आले नव्हते. २००४ मध्ये पोलंड व पूर्व युरोपचे देश संघात आल्यापासून गोदामात, शेतात, हॉटेलात नवे चेहरे दिसू लागले होते. पगार वाढत नाही आणि शेजारी नवा माणूस उभा आहे, या दोन गोष्टी एकत्र पाहणाऱ्याने त्यांची सांगड घातली तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. बँक ऑफ इंग्लंडने २०१५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधातही असे निघाले होते की हलक्या सेवांच्या नोकऱ्यांत परदेशी माणसे शंभरात दहाने वाढली, तर तिथला पगार सुमारे २ टक्क्यांनी कमी राहतो. म्हणजे तक्रारीत तथ्य होते. पण ते दोन टक्क्यांएवढे होते, आणि बाकीच्या अठ्ठ्याण्णवांचा जाब कुणी विचारला नाही.

स्विंडनमधल्या या नव्या चेहऱ्यांत आपल्या शेजारचे लोक होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. तो पासपोर्ट हाती आला की २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये राहण्याचा व काम करण्याचा हक्क आपोआप मिळे. असे हजारो गोवेकर स्विंडनला गेले. माझी आत्या म्हापशाला दिली आहे. तिच्या गल्लीतली दोन घरे बाराही महिने कुलूपबंद असतात, कारण घरची माणसे तिकडे गोदामात रात्रपाळी करतात. सार्वमताच्या वेळी या लोकांच्या बाबतीत मोठा विचित्र प्रकार घडला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताचा हक्क होता, युरोपीय नागरिकांना साधारणपणे नव्हता. म्हणजे ज्याने भारतीय पासपोर्ट टाकून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला होता आणि ज्याचे भवितव्य त्या मतावर ठरायचे होते, त्याला मत नव्हते. त्याच कारखान्यातल्या, भारतीय पासपोर्ट ठेवलेल्या त्याच्या सोबत्याला मात्र होते!

आणि म्हापशात कुणाची पोकळी कोण भरतो? तिथल्या इमारतींवर विटा वाहणारा माणूस पुष्कळदा बागलकोट-गदगकडचा असतो. उत्तर कर्नाटकात पोटासाठी असे गाव सोडण्याला 'गुळे' जाणे म्हणतात. कन्नड विभागातील मित्रांना तो शब्द समजावून सांगायला नको. या माणसालाही गोव्यात 'घाटी' हा शब्द ऐकावा लागतो आणि त्याच्यामुळे मजुरी पडली अशी कुरकूरही. स्विंडनच्या मतदाराला हसण्यापूर्वी आपण एवढे लक्षात घ्यावे, म्हणून हे आडवळण घेतले.

आता भांडवलाने काय केले ते पाहू. मतमोजणीच्या रात्रीच पौंड १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. पौंड पडला की बाहेरून येणारे अन्नधान्य, भाजी, तेल महाग होते, आणि त्याची झळ ज्याचा अर्धा पगार वाणसामानात जातो त्याला आधी लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये निसानने एक्स-ट्रेल ही गाडी संडरलंडला न बनवता जपानातच बनवण्याचे ठरवले. त्याच महिन्यात, १९ तारखेला, होंडाने स्विंडनचा कारखाना बंद करणार असल्याचे जाहीर केले, आणि जुलै २०२१ च्या अखेरीस तो बंद झाला. सुमारे ३५०० नोकऱ्या थेट गेल्या. सुटे भाग पुरवणाऱ्यांकडच्या वेगळ्या.

येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की ब्रेक्झिट हे आपल्या निर्णयाचे कारण नाही, असे होंडाने म्हटले होते. विजेच्या मोटारींचा काळ येत होता आणि कंपनीला आपला पसारा आवरायचा होता. शिवाय १ फेब्रुवारी २०१९ पासून युरोप आणि जपान यांचा व्यापारकरार अमलात आला. त्यानुसार जपानी मोटारीवरची १० टक्के जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर यायची होती. होंडाची घोषणा त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी झाली. म्हणजे नाकाच उठायला लागला होता, आणि नाक्याच्या आतले दुकान स्वतःहून नाक्याबाहेर जायला निघाले होते. अशा वेळी त्या दुकानात नवा पैसा कोण घालणार? एका घटनेला एकच कारण शोधण्याची सवय आपल्याला परीक्षेमुळे लागलेली आहे.

खरे मोठे नुकसान मात्र बंद पडलेल्या कारखान्यांत नाही, न आलेल्यांत आहे. बंद कारखान्याच्या फाटकाचे छायाचित्र निघते. न आलेल्या कारखान्याचे निघत नाही. सार्वमतानंतर ब्रिटनमधील उद्योगांची गुंतवणूक कित्येक वर्षे जागच्या जागी खिळून राहिली, कारण उद्या नियम काय असतील हे कुणालाच सांगता येत नव्हते. ब्रिटनच्याच 'ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी' या अधिकृत संस्थेचा अंदाज असा, की संघात राहिल्यास जी उत्पादकता असती तिच्यापेक्षा ती दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. परकीय भांडवल अजिबात येत नाही असे नव्हे. टाटांनी २०२३ मध्ये सॉमरसेट परगण्यात ४ अब्ज पौंडांचा बॅटरी-कारखाना जाहीर केला, पण तेथील सरकारने भरघोस मदत कबूल केल्यावर. पूर्वी दरवाजा दाखवला की पाहुणा येई, आता आधी आहेर मांडावा लागतो. आणि तो आहेर करदात्याच्या खिशातून जातो.

होंडाची जागा ज्या कंपनीने घेतली ती गोदामे उभारणारी आहे. गोदाम वाईट नव्हे. परंतु कारखान्यात जो माणूस वीस वर्षे एकेक काम शिकत वर चढतो, त्याला गोदामात चढायला जिनाच नसतो.

राहिला प्रश्न हलक्या पगाराचा. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, कारण टँकर चालवायला माणसे पुरत नव्हती. करोनामुळे चालकांच्या परीक्षा अडल्या होत्या, जुने चालक निवृत्त होत होते, आणि युरोपातले चालक परत गेले होते. सैन्यातले चालक बोलावावे लागले. ट्रकचालकांचे पगार त्या काळात खरोखर वाढले, आणि ब्रेक्झिटच्या बाजूचे लोक हे उदाहरण देतात ते खोटे नाही. पण याच सरकारने लगेच परदेशी ट्रकचालकांसाठी ५००० तात्पुरते व्हिसा काढले. पगार वाढू लागताच दार किलकिले झाले!

वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या सेवकांच्या बाबतीत तर ते सताड उघडले. हे काम अत्यंत कष्टाचे आणि पगार अगदी तळाचा, कारण त्याचे पैसे मोठ्या प्रमाणावर स्थानिक नगरपालिका देतात आणि त्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये या कामासाठी परदेशी व्हिसा खुला झाला. भारत, नायजेरिया, झिंबाब्वे येथून माणसे गेली; कित्येकांनी दलालांना लाखो रुपये मोजले. बाहेरून येणारे वजा परत जाणारे हा आकडा सार्वमतापूर्वी वर्षाला ३ लाखांच्या आसपास होता. जून २०२३ अखेरच्या वर्षात तो ९ लाखांच्या वर गेला. मजूर थांबवण्यासाठी केलेल्या उठाठेवीचा हा हिशेब!

यातला फरक आकड्यापेक्षा मोठा आहे. पोलंडचा किंवा पोर्तुगीज पासपोर्टचा माणूस मालकाशी पटले नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे कामाला लागू शकत असे. नव्या व्हिसावाल्याचा व्हिसा मालकाच्या परवान्याला बांधलेला. मालक सुटला तर ठरावीक मुदतीत दुसरा परवानाधारक मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. असा माणूस जादा तासांचे पैसे तरी कसा मागेल? आणि शेजारी असा माणूस काम करीत असताना इंग्रज सेविकेला तरी पगारवाढ कोण देईल? मोकळ्या मजुरापेक्षा बांधलेला मजूर वेतन अधिक खाली ओढतो, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागू नये.

तळाचे वेतन या काळात वाढले नाही काय? वाढले. एप्रिल २०१६ मध्ये किमान वेतन ताशी ७.२० पौंड होते, एप्रिल २०२५ मध्ये १२.२१ पौंड झाले. महागाई वजा केली तरी ही वाढ थोडी नव्हे. पण ती कायद्याने झाली, आणि तो कायदा संघात राहूनही करता येत होता, ७.२० चा दर तर सार्वमताच्या आधीच लागू झालेला होता.

मार्च २०२४ पासून या शुश्रूषा-सेवकांना बायको-मुले आणण्याची बंदी झाली. पुढे २२ जुलै २०२५ रोजी परदेशातून नवे सेवक घेणेच बंद करण्यात आले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ जुलैला, भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापारकरारावर सह्या झाल्या. संघाबाहेर पडल्यामुळेच ब्रिटनला हा करार स्वतंत्रपणे करता आला, हेही खरे. त्यात व्हिस्कीवरची आपली दीडशे टक्के जकात निम्म्यावर आणायचे ठरले आहे. आपल्या कंपन्यांनी तिकडे तात्पुरते पाठवलेल्या नोकरदारांना तीन वर्षे तिथला सामाजिक विम्याचा हप्ता माफ करण्याचेही तेव्हा ठरले होते. दोन दिवस आधी ज्यांचे दार बंद झाले, त्या सेवकांना त्या करारात जागा नव्हती.

— एक विद्यार्थी, वाणिज्य शाखा