मखदूमला वगळणारा मुक्तिदिन

सप्टेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की हैदराबादच्या परेड मैदानावर मांडव उभे राहू लागतात. २०२२ सालापासून केंद्र सरकार तेथे १७ सप्टेंबर हा ‘हैदराबाद मुक्तिदिन’ म्हणून साजरा करीत आहे. दिल्लीहून मंत्री येतात, निमलष्करी दलांचे संचलन होते, आणि एक कथा सांगितली जाते. एक मुसलमान राजा होता, त्याची हिंदू प्रजा होती, त्याच्या पदरी रझाकार होते, आणि अखेर पोलादी पुरुषाने सैन्य धाडून त्या प्रजेला सोडविले. कथा सुटसुटीत आहे. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुका तोंडावर असताना, हीच कथा रझाकारांवरील एका चित्रपटाच्या रूपाने पडद्यावरही आणली गेली. या कथेत निजाम आहे, सरदार पटेल आहेत, कासीम रझवी आहे. नाहीत फक्त ते लोक, ज्यांनी निजामाशी प्रत्यक्ष दोन हात केले. आणि त्यांतही एक नाव असे आहे की जे उच्चारताच ती सबंध कथा पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळते. ते नाव म्हणजे कॉम्रेड मखदूम मोहिउद्दीन.

११ सप्टेंबर १९४७ रोजी निजामी सत्तेविरुद्ध सशस्त्र लढ्याची हाक देणारे पत्रक निघाले. त्यावर तीन सह्या होत्या: रावी नारायण रेड्डी, बद्दम येल्ला रेड्डी आणि मखदूम मोहिउद्दीन. भारतीय सैन्याने हैदराबादच्या सरहद्दी ओलांडण्यापूर्वी एक वर्ष आणि दोन दिवस आधीची ही गोष्ट आहे. ज्या वेळी दिल्लीचे नवे राज्यकर्ते निजामाशी ‘जैसे थे’ कराराच्या वाटाघाटी करीत होते, त्या वेळी उर्दूचा एक मुसलमान कवी मुसलमान निजामाचे तख्त उलथण्याची हाक देत होता. परेड मैदानावरील वक्त्यांनी ही एक वस्तुस्थिती आपल्या कथेत कोठे बसते ते सांगावे. ते सांगणार नाहीत, कारण ती बसत नाही.

मुळात तेलंगणातील संघर्ष धर्माधर्मांतील नव्हता. ४ जुलै १९४६ रोजी जनगाव तालुक्यातील कडवेंडी गावात दोड्डी कोमरय्या हा तरुण कार्यकर्ता गोळीला बळी पडला आणि खेड्याखेड्यांत वणवा पेटला. ती गोळी कोणाच्या माणसांनी झाडली? विसनूरचा देशमुख रामचंद्र रेड्डी याच्या गुंडांनी. परीट जातीच्या चाकली ऐलम्माच्या शेतातले उभे पीक कोणाला हवे होते? त्याच देशमुखाला. आणि त्याही आधी, १९४०च्या सुमारास, आपल्या जमिनीसाठी कोर्टकचेऱ्या करून न्याय मिळविणाऱ्या शेख बंदगी या मुसलमान शेतकऱ्याचा खून कोणी करविला? पुन्हा त्याच घराण्याने. ‘मा भूमी’ हे तेलुगू जनतेचे नाटक याच बंदगीच्या कथेवर उभे राहिले. १९७९ साली गौतम घोष यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला. हिंदू देशमुखाने मारलेला मुसलमान शेतकरी हा ज्या लढ्याचा पहिल्या हुतात्म्यांपैकी एक आहे, त्या लढ्याला आज हिंदुत्वाचा मुलामा चढविला जात आहे!

निजामाची सत्ता मुसलमान रयतेच्या पाठबळावर उभी नव्हती. ती उभी होती जहागीरदार, देशमुख आणि देशपांडे यांच्या खांद्यावर, आणि त्यांत वरच्या जातींचे हिंदू बहुसंख्येने होते. महाराजा किशन परशाद हे हिंदू गृहस्थ वर्षानुवर्षे निजामाचे दिवाण होते. चारमिनारच्या सावलीत टांगा हाकणारा, विडी वळणारा मुसलमान या वैभवात भागीदार नव्हता. फक्त त्याला तसे भासविले जात होते. रझाकारांनी त्याच भ्रमाचे भांडवल केले. मखदूमचे सारे राजकीय जीवन हा भ्रम फोडण्यात गेले.

लढ्याचा हिशेबही या निमित्ताने पुन्हा मांडला पाहिजे. सुमारे तीन हजार खेड्यांत ग्रामराज्ये स्थापन झाली. दहा लाख एकर जमीन कसणाऱ्यांत वाटली गेली. वेठबिगार मोडून काढली गेली. सुमारे चार हजार लढवय्ये कामी आले. आणि हे सगळेच निजामाच्या गोळ्यांनी मेले नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर बंदुकांची तोंडे शेतकऱ्यांकडे वळली. जमिनी परत मिळविण्यासाठी देशमुख गांधी टोपी घालून गावांत परतले, आणि त्यांच्या मागोमाग सैन्य आले. ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागे घेतला जाईपर्यंत हे चालले. आणि निजाम? ज्याच्यापासून प्रजेला ‘मुक्त’ केले, तो उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० रोजी भारतीय संघराज्यातील हैदराबादचा राजप्रमुख झाला आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्या पदावर सन्मानाने राहिला. त्याला सालीना पन्नास लाख रुपयांचा तनखा बांधून देण्यात आला. याच काळात, १९५१ साली, मखदूम पकडले गेले आणि ‘मुक्त’ हैदराबादच्या तुरुंगात डांबले गेले. राजा राजप्रमुख आणि राजाविरुद्ध लढणारा कवी कैदी! सरंजामदारांशी भांडवलदार वर्गाने केलेला समझोता समजावून सांगायला आणखी निराळे व्याख्यान कशाला हवे?

पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या सीमेवर जे घडले तेही या मुक्तिदिनाच्या भाषणांत येत नाही. भारत सरकारनेच नेमलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने आपल्या अहवालात उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदले आणि बळींची संख्या सत्तावीस ते चाळीस हजारांच्या घरात असल्याचा अंदाज दिला. तो अहवाल दशकानुदशके दडपला गेला. २०१३ सालानंतरच तो जनतेला पाहावयास मिळाला. रझाकारांचे अत्याचार खरे होते. त्यांचा सूड निरपराध विणकरावर, अत्तारावर, शेतमजुरावर उगवला गेला हेही तितकेच खरे आहे.

मराठी वाचकाने येथे एक आक्षेप घेतला तर तो झटकून टाकण्याजोगा नाही. मराठवाड्याला उर्दूचा अनुभव सुखाचा नव्हता. उर्दू ही निजामाची राजभाषा होती. मराठी, तेलुगू आणि कानडी शाळांची तिच्यापायी उपासमार झाली. मराठी मुलाला आपल्याच गावात परक्या भाषेत अर्ज लिहावा लागे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करीत होता, आणि त्याच्या टोळ्यांनी मराठवाड्यातील गावे जाळली. ज्यांच्या आजी-आजोबांनी ते सोसले त्यांना उर्दू काव्याचे गोडवे ऐकविणारा माणूस प्रथमदर्शनी परका वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या भाषेत फर्माने निघाली त्याच भाषेत त्या फर्मानांविरुद्ध बंडाची गाणीही लिहिली गेली, याचे काय करावयाचे? हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील होण्याचा पुरस्कार केला म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची निर्घृण हत्या झाली. मारेकरी रझाकार होते. भाषा मारणाऱ्याची होती तशीच मरणाऱ्याचीही होती. भाषेला वर्ग नसतो. ती वापरणाऱ्याला असतो.

मखदूमचा वर्ग कोणता होता? ४ फेब्रुवारी १९०८ रोजी मेदक जिल्ह्यातील आंदोल येथे ते जन्मले. वडील लहानपणीच वारले, चुलत्याने वाढविले. लहान वयात मशिदीत झाडलोट करणे आणि पाणी भरणे ही कामे त्यांच्या वाट्याला आली होती. रशियात राज्यक्रांती झाली असून तेथे सारे एकाच दस्तरखानावर बसून जेवतात, असे चुलत्याने सांगितल्याची आठवण त्यांच्या चरित्रात आवर्जून येते. पोटभर जेवण दुर्मीळ असलेल्या पोराच्या मनात समाजवाद शिरला तो असा, ताटावरून. पुढे उस्मानिया विद्यापीठात ते एम. ए. झाले, सिटी कॉलेजात शिकवू लागले आणि ती सुरक्षित नोकरी सोडून कामगारांत गेले. हैदराबादेतील सिगारेट कारखाना, रेल्वे, गिरण्या, शहाबादचा सिमेंट कारखाना या ठिकाणी त्यांनी संघटना बांधल्या. १९४४ साली ‘सुर्ख सवेरा’ हा त्यांचा पहिला संग्रह निघाला तेव्हा त्यांची गाणी मजुरांच्या सभांत अगोदरच म्हटली जात होती. उर्दू कवीचा मार्ग दरबारातून जातो अशी हैदराबादची रीत होती. मखदूम कारखान्याच्या फाटकाकडे वळले.

महाराष्ट्रातही उर्दूला परकी ठरविण्याचे उद्योग चालू आहेत. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू लिहिलेले असावे की नसावे, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्या. सुधांशु धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने उर्दू ही याच मातीत जन्मलेली भाषा असल्याचे सांगून ती पाटी कायम ठेवली. निकाल स्वागतार्ह आहे. पण गावच्या नगरपरिषदेच्या पाटीवरील चार अक्षरांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, यातच आजच्या सत्तेने मने किती नासविली आहेत ते दिसते. बार्शीच्या महबूब हुसेन पटेलाला अमर शेख म्हणून डोक्यावर घेणाऱ्या, त्याच्या बुलंद आवाजावर संयुक्त महाराष्ट्र जिंकणाऱ्या या राज्यात!

मखदूमच्या वारशाला दुसरा धोका आहे तो प्रशंसकांकडून, आणि तो अधिक गोड असल्यामुळे अधिक फसवा आहे. १९८२ सालच्या ‘बाजार’ चित्रपटातील लता मंगेशकर आणि तलत अजीज यांनी गायिलेली त्यांची गझल आजही रात्री रेडिओवर लागते. १९६४ सालच्या ‘चा चा चा’ चित्रपटातील त्यांचे गीत जुन्या गाण्यांच्या प्रत्येक संग्रहात आहे. ऐकणाऱ्या शंभरांतील नव्वदांना कवीचे नाव माहीत नसते. ज्यांना असते त्यांतील बहुतेकांना तो चमेलीचा आणि चांदण्यांचा कवी वाटतो. महागड्या सभागृहांतील मैफलींचे निवेदक तर सांगूनच टाकतात की तारुण्यात मखदूम घोषणा लिहीत, पुढे प्रौढ झाल्यावर खऱ्या कवितेकडे वळले. म्हणजे राजकारण हा तारुण्याचा ताप, आणि तो उतरला की कला!

हा दावा खोटा आहे, आणि खुद्द मखदूमनी तो अगोदरच खोडून ठेवला आहे. १९६१ साली ‘गुल-ए-तर’ प्रसिद्ध झाला तेव्हा पहिल्या संग्रहापेक्षा त्याचा सूर निराळा असल्याचे त्यांनी प्रास्ताविकात मोकळेपणाने मान्य केले. मात्र हा फरक वय, अनुभव आणि बदललेला काळ यांतून आला, असे त्यांचे म्हणणे होते. ‘सुर्ख सवेरा’तील काही रचना केवळ गर्जना आहेत हे आम्हीही नाकारीत नाही, सभेत त्या पेटत असतील, कागदावर आज विझलेल्या वाटतात. पण याच ‘प्रौढ’ मखदूमनी पॅट्रिस लुमुंबाच्या खुनावर १९६१ साली कविता लिहिली. हेच ‘प्रौढ’ मखदूम मरेपर्यंत आंध्र प्रदेशच्या विधान परिषदेत कष्टकऱ्यांची बाजू लढवीत होते. ज्या रात्रीची आणि फुलांची ते गाणी लिहीत, ती रात्र पाळीवरून परतणाऱ्या माणसालाही हवी असते, एवढेच त्यांचे म्हणणे. कामगाराने फक्त मोर्चाचीच गाणी म्हणावीत हा हुकूम मालकाला शोभतो. तो आमच्यातील काही कर्मठांनीही एके काळी दिला, हे मात्र येथे कबूल केले पाहिजे.

‘बिसात-ए-रक्स’ला १९६९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २५ ऑगस्टला दिल्लीत मखदूमचे निधन झाले. आज हैदराबादच्या टँक बंडवर त्यांचा पुतळा उभा आहे, हिमायतनगरात त्यांच्या नावाचे पक्षभवन आहे. पुतळ्याला हार घालणे सोपे असते. मराठवाड्यात आपण १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, स्वामी रामानंद तीर्थांना अभिवादन करतो आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या किती सभांत त्या तीन सह्यांचा उल्लेख होतो? मखदूमच्या चार कविता देवनागरीत वाचावयास मिळतील असे पुस्तक आपल्या किती शाखांच्या कपाटात आहे? विरोधकांनी इतिहास पळविला म्हणून आपण ओरड करतो. दार आपणच उघडे टाकले होते.

१९५२ सालच्या निवडणुकांची आठवण यासाठी ताजी करावी. हैदराबाद संस्थानात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती. पक्षाने लोकशाही आघाडीच्या नावाने निवडणूक लढविली. वरंगळ जिल्ह्यातील इप्पागुडा या तेलुगू मतदारसंघातून मराठी भाषक कॉ. व्ही. डी. देशपांडे निवडून आले आणि विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. नलगोंडा जिल्ह्यातील हुजूरनगरच्या पोटनिवडणुकीत, नुकतेच तुरुंगातून सुटलेले मखदूम उभे राहिले. मतदार तेलुगू बोलणारे शेतकरी आणि शेतमजूर होते, बहुसंख्य हिंदू होते, त्यांतील अनेकांना उर्दूचे एक अक्षर वाचता येत नव्हते. निजामाच्या जुलमाची, देशमुखाच्या वेठीची आणि नंतरच्या लष्करी छावण्यांची खूण ज्यांच्या पाठीवर ताजी होती असे ते लोक. त्यांनी मखदूम मोहिउद्दीन यांना निवडून विधानसभेत पाठविले.