रेघ गेली, राग गेला: स्वरलिपी मोबाइलवर का बिघडते?

संगणकावर वर्डमध्ये भैरवीचा आरोह टाइप करा. रे, ग, ध आणि नि हे चार स्वर कोमल, म्हणून त्यांच्याखाली 'अंडरलाइन' द्या. आता तीच ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका. समोर उरते फक्त 'सा रे ग म प ध नि सां'. हे झाले बिलावल थाटाचे स्वर. एकही अक्षर गळालेले नाही, शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची काहीच तक्रार नाही, पण भैरवी गेली.

कल्याण-डोंबिवलीत गाण्याच्या आणि हार्मोनियमच्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना हा प्रकार नवा नसेल. कल्याण गायन समाजासारखी १९२६ साली स्थापन झालेली संस्था ज्या शहरात आहे, तिथे संगीत शिकणे ही काही मूठभरांची हौस नाही. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत विशारदपर्यंत जाणाऱ्या मुलांना बंदिश स्वरलिपीसह लिहावी लागते. पूर्वी ती फळ्यावरून वहीत उतरायची. आता ती क्लासच्या ग्रुपवर येते आणि येताना वाटेत काहीतरी सांडून येते.

दोष बहुतेक वेळा मुलांना दिला जातो ('नीट बघून लिहीत नाहीत'), नाहीतर क्लासच्या सरांच्या 'टेक्निकल' अज्ञानाला. माझ्या मते दोघेही निर्दोष आहेत. स्वरलिपीची चिन्हे म्हणजे अक्षरांवरची सजावट, असे समजून आपण ती टाइप करतो. बिघाडाचे मूळ तिथे आहे.

रेघ नेमकी जाते कुठे?

वर्डमधील अंडरलाइन हा मजकुराचा भाग नसतो. ठळक, तिरके, लाल यांच्यासारखीच ती एक बाह्य सूचना असते. साधा मजकूर दुसरीकडे गेला की सूचना मागे राहते. काही जण यावर उपाय म्हणून कोमल स्वराच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोअर टाकतात. व्हॉट्सॲप त्याचा अर्थ 'तिरके अक्षर' असा घेते, दोन्ही अंडरस्कोअर गिळते आणि किंचित कललेला शुद्ध गंधार दाखवते!

विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी मराठीत लिहिलेल्या क्रमिक पुस्तकांमधून जी लिपी रूढ केली, ती मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. जेवढी चिन्हे कमी, तेवढे प्रत्येक चिन्हावरचे ओझे जास्त. त्यांनी रागांची मांडणी केली ते दहा थाट घ्या आणि सगळ्यांच्या रेघा पुसून टाका. दहाच्या दहा थाट बिलावल होतात. कल्याण थाट आणि बिलावल यांच्यात तर फरकच एका उभ्या रेघेचा आहे. ती रेघ उडाली की यमनमध्ये शुद्ध मध्यम येतो आणि नवशिक्या विद्यार्थ्याला ते कळायलाही मार्ग नसतो.

मात्रांचेही तेच. 'सा--रे' असे दोन छोट्या रेघा देऊन लिहिले की वर्ड अनेकदा त्या दोन रेघांची मिळून एक लांब रेघ करते. इंग्रजी वाक्यासाठी ही सोय आहे. त्रितालात मात्र सोळाच्या पंधरा मात्रा होतात. ऑटोकरेक्टच्या पर्यायांत जाऊन हायफनच्या जागी डॅश टाकण्याची सोय बंद केली की हा त्रास थांबतो.

तो तुटक गोळा कसला?

अक्षरांच्या मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ (◌) दिसले, तर 'फॉन्ट खराब आहे' असे म्हणून सोडून देऊ नका. ते फोनचे म्हणणे असते: हे चिन्ह कोणत्या अक्षराला लावू ते कळत नाही. देवनागरीत चिन्हांचा क्रम ठरलेला आहे. आधी व्यंजन, मग नुक्ता, मग काना-मात्रा, त्यानंतर अनुस्वार, शेवटी रेघ. मंद्र षड्जासाठी 'सा' लिहून मग नुक्ता दिला की गोळा येऊ शकतो. 'स', नुक्ता, काना या क्रमाने 'स़ा' नीट उमटतो.

पलुस्कर पद्धतीने लिहिणाऱ्यांची कुचंबणा याहून मोठी. तिथे कोमल स्वर हलन्ताने, म्हणजे पाय मोडून दाखवतात. पण युनिकोडमध्ये हलन्त म्हणजे 'पुढचे अक्षर जोडा' असा आदेश असतो. कोमल गंधारापुढे लगेच मध्यम लिहिला की दोघांचा 'ग्म' असा जोडाक्षरी लगदा होतो. मध्ये मोकळी जागा किंवा 'झिरो विड्थ नॉन-जॉइनर' हे अदृश्य चिन्ह टाकावे लागते. रे आणि नि यांना आधीच मात्रा-वेलांटी असल्याने त्यांच्यापुढे हलन्त दिला की पुन्हा तोच गोळा येऊ शकतो.

त्यात दोन्ही पद्धतींची चिन्हे एकमेकांना छेद देतात. स्वराच्या डोक्यावरचे टिंब भातखंडे पद्धतीत तार सप्तक सांगते, पलुस्कर पद्धतीत मंद्र. उभी रेघ इकडे तीव्र मध्यमाची, तिकडे तार सप्तकाची. छापील पुस्तकात पद्धत कोणती हे प्रस्तावनेत कळते. फॉरवर्ड झालेल्या चार ओळींना प्रस्तावना नसते.

जुन्या फाइल का उघडत नाहीत?

युनिकोड रुळण्यापूर्वी डीटीपीच्या दुकानांत जे फॉन्ट चालत, त्यात मराठी दिसे पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असत. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर बंदिशीच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग दिसते. त्यामुळे कुठल्याही क्लासचा शहाणा उपाय एकच असतो: फोटो काढून पाठवणे. फोटोत रेघ टिकते हे खरे. पण फोटोत 'मारवा' शोधता येत नाही, चुकलेला स्वर दुरुस्त करता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा फोन तो वाचूनही दाखवत नाही. संगीत शिकणाऱ्यांत असे विद्यार्थी असतात, हे आपण सोयीस्कर विसरतो.

मग म्यूझस्कोअर वापरावे का?

म्यूझस्कोअर किंवा लिलीपाँड ही मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहेत, पण ती पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीसाठी बांधलेली आहेत. तिथे स्वराची जागा ठरलेली असते, आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सरकतो. कीबोर्डवर वाजवून मिडी फाइल आत घेतली तर आणखी गंमत होते. मिडीला फक्त पट्टीचा क्रमांक कळतो. काळी एक हा सा धरून नव्हे, अगदी सरळ पांढऱ्या एकपासून, म्हणजे 'सी'ला सा मानून वाजवलेला कोमल धैवत 'ए फ्लॅट'ऐवजी 'जी शार्प' म्हणून छापला जातो. म्हणजे तीव्र पंचम! आपल्याकडे पंचम अचल आहे. (म्यूझस्कोअरमध्ये तो स्वर निवडून 'जे' दाबले की नाव बदलते. योग्य की सिग्नेचर आधीच दिली तर ही वेळ सहसा येत नाही.)

तरीही या सॉफ्टवेअरकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. त्यांच्या फाइलमध्ये स्वर आधी माहिती म्हणून साठतो आणि चिन्ह नंतर काढले जाते. म्यूझिकएक्सएमएल या खुल्या स्वरूपात 'हा स्वर अर्ध्या पायरीने उतरलेला आहे' अशी नोंदच असते, त्यामुळे सॉफ्टवेअर बदलले तरी कोमलपणा हरवत नाही. 'फिनाले' हे ३५ वर्षे चाललेले नामांकित सॉफ्टवेअर ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या संगीतकारांना आपले काम वाचवण्यासाठी याच स्वरूपाचा आधार होता. आपल्या बंदिशींना असा आधारच नाही. आपल्याकडे चित्र हीच माहिती आहे.

आज काय करता येईल?

युनिकोडच्या देवनागरी संचात वेदपठणासाठी दोन चिन्हे आहेत. अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली येते, युनिकोडमध्ये 'उदात्त' असे नाव असलेली उभी रेघ अक्षरावर. दिसायला ती हुबेहूब भातखंड्यांची आहेत: रे॒ ग॒ म॑ ध॒ नि॒. तुमच्या फोनवर या पाचही स्वरांच्या रेघा जागेवर दिसत असतील, तर त्या इथून कॉपी करून कुठेही पाठवा, तुटणार नाहीत, कारण त्या सजावट नसून अक्षरे आहेत. वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०९५२ लिहून आल्ट आणि एक्स एकत्र दाबले की आडवी रेघ येते, ०९५१ला उभी. तार सप्तकासाठी अनुस्वार, मंद्रासाठी नुक्ता. रेघ नेहमी शेवटी: 'रें॒'. तालाचे खंड मात्र स्पेस देऊन जुळवू नका. मोबाइलच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असल्याने सम भलत्याच स्वरावर जाते. वर्डमध्ये झपतालाला दहा, त्रितालाला सोळा रकान्यांचा तक्ता करा. व्हॉट्सॲपवर प्रत्येक विभाग वेगळ्या ओळीत लिहा.

वेदांची चिन्हे संगीताला उसनी घेणे काही जणांना खटकेल. मलाही हा जुगाडच वाटतो, पण चालणारा जुगाड आहे. एकेका क्लासने तो करून भागणार नाही, कारण दुसरा क्लास वेगळा जुगाड करील. परीक्षा घेणाऱ्या संस्था आणि क्रमिक पुस्तकांचे प्रकाशक यांनी एकत्र बसून चिन्हांचा एक तक्ता ठरवायला हवा: कोमलला कोणता कोड, मीड आणि कणस्वराला कोणता, फाइलच्या पहिल्या ओळीत पद्धतीचे नाव कसे लिहायचे. सोबत हा तक्ता पाळणारा एक मोफत फॉन्ट. हे काम चार-सहा अभियंते आणि तेवढेच संगीत शिक्षक यांच्या आवाक्यातले आहे. सुरुवात प्रारंभिकच्या अभ्यासक्रमातील बंदिशींपासून करता येईल. त्या थोड्या आहेत आणि सगळ्यात जास्त फॉरवर्डही त्याच होतात.