साप चावल्यावर वाट कोणती धराल?

मृगाचा पाऊस पडला, की शेतकऱ्याच्या घरात पेरणीची गडबड उडते. याच दिवसांत बिळांत पाणी शिरते, साप बाहेर पडतात आणि उंदराच्या मागाने गोठ्यात, कडब्याच्या गंजीत, कधी कधी थेट आपल्या अंथरुणापर्यंत येतात. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, या वेळी आपण सर्पदंशाविषयी बोलू.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज अभ्यासकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतली बहुतेक माणसे खेड्यातली, शेतात राबणारी. यावर औषध आहे, आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मग इतकी माणसे का जातात? कारण घर आणि दवाखाना यांच्या मधल्या वाटेवर वेळ जातो. त्यातला बराचसा आपणच घालवतो.

आपल्याकडे मुख्यतः चार साप जीव घेतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस आणि फुरसे चावले, की जागा सुजते, रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होतात. नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर जाते. पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. मण्यार फार फसवी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, दातांची खूण दिसेलच असेही नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते; घरचे म्हणतात, अजीर्ण झाले. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले माणूस पहाटे पोटदुखीने उठले आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर ओव्याचा काढा देत बसू नका. दवाखाना गाठा.

या चारही सापांवर एकच लस चालते. घोड्याला विषाची अगदी थोडी थोडी मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ती तयार करतात. आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्येही ती होते. चारही विषांवर चालत असल्याने साप ओळखलाच पाहिजे असे नाही. तेव्हा काठी घेऊन त्याच्या मागे धावू नका. त्यात दुसरा माणूस चावून घेतो. आणखी एक ध्यानात ठेवा. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. डॉक्टरांनी मुलाला बाटल्यांवर बाटल्या दिल्या, तर घाबरू नका.

आता मांत्रिकाचे. मांत्रिकाकडे नेलेली कितीतरी माणसे बरी होतात, हे खरे. पण आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. ती माणसे तशीही बरी झाली असती. ज्याच्या अंगात विष गेले, त्याला मंत्र वाचवत नाही. देवाला नवस जरूर बोला, पण रुग्णाला वाटेला लावून मग बोला.

चावलेल्या माणसाला धीर द्या, निजवा, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, तोडे, जोडवी लगेच काढा, कारण सूज आल्यावर निघत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतो तशी हातापायाला फळी बांधा, म्हणजे हालचाल होणार नाही. करकचून दोरी आवळू नका. त्याने हातपाय सडतो. चीर देऊ नका, चोखू नका, जखमेवर काही चोळू नका. उलट्या होत असतील, तर कुशीवर निजवा. आणि १०८ ला फोन लावा. २०१४ पासून महाराष्ट्रात ही गाडी फुकट येते. तिला वेळ लागणार असेल, तर गावातली जीप काढा. काहीच नसेल, तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या.

पण न्यायचे कुठे? हा प्रश्न रात्री दोन वाजता विचारायचा नसतो. सरकारी हिशेबाने सपाटीवर ३० हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे लागते. आपल्या केंद्रात लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, श्वास थांबला तर पुढे कोणत्या रुग्णालयात पाठवतात, हे आजच आशाताईंना विचारा. सरपंचांना ग्रामसभेत विचारा. भुकटीच्या रूपातली लस बर्फात ठेवावी लागत नाही, तेव्हा वीज नाही ही सबब चालणार नाही. रक्त गोठते की नाही हे बघायलाही मोठे यंत्र नको. काचेच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे हलवायचे नाही, एवढेच.

लहान केंद्रातही काय होऊ शकते, ते महाड तालुक्याने दाखवले आहे. तिथे बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात धडधाकट माणसे जात. त्यांनी रात्र रात्र रुग्णाजवळ बसून लक्षणे टिपली आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी विंचवावर लागू पडते, हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

घरापुरते तुम्हीही करा. बाजेवर झोपा. जमिनीवर झोपायचेच असेल, तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. रात्री पाणी धरायला जाताना बॅटरी आणि पायात बूट हवेत. गोवऱ्या, सरपण भिंतीला लावून रचू नका आणि त्यात आधी काठी घाला, मग हात.

आणि हे सारे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. रुग्णाला कुठे न्यायचे हे बहुधा तेच ठरवतात. संकट येण्याआधी त्यांचे मन तयार झाले, तर ऐन वेळी उंबऱ्यावर वाद होणार नाही.