मुरबाडचा पास, आसनगावचा पास

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, मुंबई सेंट्रल.
प्रत माहितीसाठी : मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे.

विषय : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील नियमित प्रवाशांच्या पास योजनांचा फेरविचार.

महोदय,

जो प्रवासी पुन्हा पुन्हा येतो त्याला त्याच्या सातत्याबद्दल काही सवलत मिळावी, ही कल्पना अलीकडच्या पिढीला विमान कंपन्यांच्या ‘फ्रीक्वेंट फ्लायर’ योजनांमुळे माहीत झाली असली, तरी रेल्वेच्या आणि एसटीच्या प्रवाशांना ती पास या नावाने फार आधीपासून ठाऊक आहे. पासाची भाषाही साधी आहे : महिन्याचे पैसे आधी भरावेत, रोज तिकीट काढू नये, आणि रोजच्या तिकिटांच्या बेरजेपेक्षा कमी रक्कम द्यावी. ही सवलत किती मिळते हे मात्र प्रवासी कोणत्या गावात राहतो यावर ठरते, आणि ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या दोन शेजारी तालुक्यांत हा फरक जितका उघड दिसतो तितका तो क्वचितच कुठे दिसत असेल.

शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जातो. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा ही त्यावरची स्थानके असून कसाऱ्यापर्यंत रूळ १८६१ सालीच पोहोचले होते. मुरबाड तालुक्यात आजही रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हीच त्याची वाट, आणि त्या रस्त्यावरची एसटी हीच त्याची लोकल. दोन्ही तालुक्यांतली माणसे कल्याण, ठाणे, मुंबईकडे त्याच कारणांसाठी जातात : कारखान्यातली पाळी, दुकानातली नोकरी, महाविद्यालय, न्यायालय, दवाखाना. कामे सारखी आहेत, पगारही फारसे वेगळे नाहीत. वेगळा आहे तो पास.

उपनगरी रेल्वेचा मासिक पास, म्हणजे ज्याला रेल्वेच्या कागदोपत्री ‘सीझन तिकीट’ म्हणतात तो, साधारणपणे १५ एकेरी तिकिटांच्या रकमेवर आधारलेला असतो. जून २०१४ मध्ये हा आधार ३० एकेरी तिकिटांवर नेण्याचा निर्णय जाहीर झाला होता, पण मुंबईतून झालेल्या विरोधानंतर काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला. त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट दराने मिळतो. महामंडळाच्या मासिक पासाचे सूत्र वेगळे आहे : २० दिवसांचे जाण्यायेण्याचे भाडे भरून ३० दिवस प्रवास, आणि त्रैमासिक पासासाठी ५० दिवसांचे भाडे भरून ९० दिवस प्रवास. ही दोन सूत्रे आपापल्या जागी उदार वाटतात. ती एका मापावर आणली म्हणजे चित्र पालटते. २० दिवसांचे जाणेयेणे म्हणजे ४० एकेरी तिकिटे. महिन्यात २६ दिवस कामावर जाणारा माणूस ५२ फेऱ्या करतो. आसनगावचा प्रवासी त्यांपैकी १५ फेऱ्यांचे पैसे देतो, तर मुरबाडचा प्रवासी ४० फेऱ्यांचे. पहिल्याला तिकिटाच्या तुलनेत सुमारे ७१ टक्के सवलत मिळते, दुसऱ्याला २३ टक्के. रेल्वेच्या पासाचे पैसे आठव्या दिवशी वसूल होतात, एसटीच्या पासाचे वसूल व्हायला विसावा दिवस उजाडावा लागतो. त्यात सण, आजारपण किंवा भातलावणीची रजा आली, तर पास काढला नसता तरी चालले असते, असा हिशेब निघतो.

यावर असे म्हणता येईल की दोन संस्थांची तुलना करणेच योग्य नाही, कारण रेल्वेच्या पाठीशी केंद्र सरकारची तिजोरी आणि मालवाहतुकीचे उत्पन्न आहे, तर महामंडळाला डिझेल, पगार आणि १७.५ टक्के प्रवासी कर यांचा भार प्रामुख्याने तिकिटांच्या उत्पन्नातून सोसावा लागतो. हा आक्षेप खरा आहे, आणि राज्य सरकारने प्रवासी कराचा विचार करावा ही मागणी त्यातूनच पुढे येते. परंतु प्रवाशाच्या दृष्टीने या दोन संस्था परस्परांपासून वेगळ्या नाहीत. मुरबाडहून ठाण्याला जाणारा माणूस कल्याणपर्यंत एसटीने आणि पुढे लोकलने जातो. म्हणजे त्याच्या खिशात दोन पास असतात, एक आगारातल्या खिडकीवर ओळखपत्र दाखवून काढलेला आणि दुसरा स्थानकाच्या खिडकीवर काढलेला, आणि या दोहोंच्या मुदती एकाच दिवशी संपतील याची शाश्वती नसते. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. १ जुलै २०२५ पासून रेल्वेने केलेल्या भाडेवाढीतून उपनगरी तिकिटे आणि सीझन तिकिटे वगळण्यात आली. एकाच प्रवासाच्या पहिल्या तुकड्याचा खर्च वाढला आणि दुसऱ्याचा तसाच राहिला. पहिला तुकडा सुमारे तीस किलोमीटरचा आहे, आणि मुरबाडच्या प्रवाशाला त्याला पर्याय नाही.

या ठिकाणी विमान कंपन्यांच्या योजनांकडे वळणे उपयोगाचे आहे, कारण नियमित प्रवाशाला काय द्यायचे या प्रश्नावर त्यांनी चार दशके विचार केला आहे आणि त्यांची वाटचाल महामंडळाला अनुकरणीय आणि टाळण्याजोगी अशा दोन्ही अंगांनी बोधक आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये ‘अ‍ॅडव्हांटेज’ नावाची योजना सुरू केली तेव्हा तिचे तत्त्व सोपे होते : जितके मैल उडाल तितके गुण, आणि पुरेसे गुण साठले की एक प्रवास मोफत. इतर कंपन्यांनी लगोलग अनुकरण केले. पुढे गुणांच्या जोडीला स्तर आले, म्हणजे ठरावीक प्रवासानंतर प्रवाशाला सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा श्रेणी देऊन रांगेत, आसनात आणि सामानात प्राधान्य देण्याची पद्धत. मात्र २०१५ च्या सुमारास डेल्टा व युनायटेड या कंपन्यांनी गुण मैलांवर न देता खर्चावर द्यायला सुरुवात केली. भारतात एअर इंडियाने २०२४ मध्ये तोच मार्ग धरला; त्याच वर्षी ‘विस्तारा’ या विमान कंपनीची योजना एअर इंडियाच्या योजनेत विलीन झाली, आणि इंडिगोने, २००६ पासून अशा योजनेविना उडत राहिल्यानंतर, ‘ब्लूचिप’ नावाची स्वतःची योजना आणली. या स्पर्धक योजनांची तुलना करणारा प्रवासी आज गुणांचे मूल्य, त्यांची मुदत आणि भागीदार कंपन्या यांचा हिशेब मांडतो. पण मूळ प्रश्नाचे उत्तर सगळीकडे बदलले आहे. ‘किती वेळा आलात’ हे विचारण्याऐवजी ‘किती पैसे दिलेत’ हे विचारले जाते, आणि कंपनीच्या खर्चाने वर्षातून चार महाग तिकिटे काढणारा स्वतःच्या पैशाने वीस वेळा उडणाऱ्याच्या पुढे जातो.

सार्वजनिक वाहतुकीने हे वळण घेऊ नये. महामंडळाने १ जुलै २०२५ पासून १५० किलोमीटरहून अधिक अंतराच्या प्रवासाचे आगाऊ आरक्षण करणाऱ्या पूर्ण भाड्याच्या प्रवाशाला, गर्दीचे हंगाम वगळून, १५ टक्के सवलत दिली. ती सवलत स्वागतार्ह आहे. परंतु तिचा लाभ होतो तो वर्षातून काही वेळा लांब जाणाऱ्याला; रोज सकाळी सरळगावहून किंवा टोकावड्याहून कल्याणची गाडी धरणारा तिच्या कक्षेतच येत नाही, कारण त्याचे अंतर कमी आहे, फेऱ्या मात्र सर्वांत जास्त आहेत. सातत्याला अंतराच्या मापाने मोजले की असे होते. १७ मार्च २०२३ पासून लागू असलेल्या महिला सन्मान योजनेने स्त्री प्रवाशांसाठी हा प्रश्न पुष्कळ हलका केला आहे, कारण अर्ध्या तिकिटाने २६ दिवस जाणाऱ्या स्त्रीला १३ दिवसांचेच पूर्ण भाडे पडते आणि पूर्ण दराच्या पासापेक्षा ते स्वस्त ठरते. याचा अर्थ असा की महामंडळाच्याच एका सवलतीने महामंडळाच्याच पासाला मागे टाकले आहे, आणि १३ दिवसांच्या भाड्यात महिन्याचा प्रवास करणाऱ्या प्रवाशांच्या फेऱ्या याच रस्त्यांवर याच गाड्यांतून आज चालू आहेत. मग पुरुष कामगारासाठी २० दिवसांची अट का टिकवावी, याचे उत्तर नव्याने शोधायला हवे.

विमान कंपन्यांकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. १९९७ मध्ये पाच विमान कंपन्यांनी ‘स्टार अलायन्स’ ही युती स्थापन केली, एअर इंडिया तिच्यात २०१४ मध्ये सामील झाली, आणि या युतीत एका कंपनीच्या नियमित प्रवाशाची ओळख दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवरही मानली जाते. एकीच्या विमानातून उडून दुसरीच्या खात्यात गुण मिळवता येतात. नफ्यासाठी चालणाऱ्या आणि अनेक मार्गांवर स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना जे जमले, ते एसटी आणि मध्य रेल्वे या जनतेच्या मालकीच्या दोन संस्थांना जमू नये, याला कोणतेही तांत्रिक कारण नाही. कल्याणचे एसटी स्थानक रेल्वे स्थानकाला लागून आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मुंबई वन’ या अ‍ॅपचे उद्घाटन झाले तेव्हा उपनगरी रेल्वे, मेट्रो, मोनोरेल, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवलीच्या महापालिका बससेवा अशा ११ संस्था एका तिकिटाखाली आल्या. त्या यादीत एसटी नव्हती. कल्याणच्या पलीकडचा, एसटीवर अवलंबून असलेला ठाणे जिल्ह्याचा भाग त्यामुळे या व्यवस्थेच्या बाहेर राहिला, आणि एका तिकिटाची सर्वांत जास्त गरज ज्याला दोन वाहने बदलावीच लागतात त्यालाच आहे.

शहापूरलाही या प्रश्नातून सुटका नाही. शहापूर गाव आसनगाव स्थानकापासून काही किलोमीटर दूर आहे, आणि किन्हवली, डोळखांब, शेणवा या बाजूच्या गावांना स्थानक गाठण्यासाठी एसटी, शेअर रिक्षा किंवा जीप धरावी लागते. रेल्वेचा स्वस्त पास स्थानकापासून सुरू होतो; घरापासून स्थानकापर्यंतचा खर्च कोणत्याच पासात येत नाही किंवा एसटीच्या महागड्या सूत्रात येतो. संध्याकाळी लोकल उशिरा आली आणि गावाकडची शेवटची गाडी निघून गेली, अथवा ती फेरीच रद्द झाली, तर पासधारकाला जीपवाल्याला वेगळे पैसे द्यावे लागतात आणि त्या दिवसाचा पासही वाया जातो. विमान रद्द झाले तर परतावा किंवा दुसरे विमान देण्याचे बंधन नियमांनी कंपनीवर घातले आहे. एसटीच्या पासधारकाला निदान इतके तरी मिळावे की त्याच्या मार्गावरची शेवटची फेरी रद्द झाल्यास पासाची मुदत एका दिवसाने वाढेल. वाहकाच्या तिकीट यंत्रात आणि आगाराच्या नोंदीत रद्द फेरीची माहिती असतेच.

नियमित प्रवासी हा संस्थेवरचा बोजा नसतो. २०२० मध्ये जगभरची विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेड एअरलाइन्सने आपल्या ‘मायलेजप्लस’ योजनेच्या तारणावर अब्जावधी डॉलरचे कर्ज उभे केले, म्हणजे पुन्हा येणाऱ्या प्रवाशाच्या सवयीलाच सावकारांनी मालमत्ता मानले. पासधारक महिन्याचे पैसे आगाऊ देतो, ठरलेल्या वेळी येतो, आणि वाहकाला सुट्ट्या पैशांच्या कटकटीतून सोडवतो. तो जीपकडे वळला की ती आसने रिकामी जातात आणि मग फेरी तोट्यात आहे म्हणून बंद होते. ग्रामीण मार्ग अशाच क्रमाने ओस पडतात, आणि हा क्रम उलटवायचा तर सुरुवात पासापासूनच करावी लागेल.

या पत्राद्वारे महामंडळाला अशी विनंती आहे की ५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मासिक पासाचा आधार २० दिवसांवरून १३ दिवसांवर आणावा, आणि पुरुष व स्त्री प्रवाशांचा दर त्या पातळीवर एकत्र आणून त्याची भरपाई राज्य सरकारकडून मागावी, जशी इतर सवलतींची मागितली जाते. दुसरी विनंती महामंडळ आणि मध्य रेल्वे या दोहोंना आहे : मुरबाड आगार ते कल्याण आणि पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत एकच संयुक्त मासिक व त्रैमासिक पास, एकाच मुदतीचा, एकाच खिडकीवर किंवा मोबाइलवर मिळणारा, प्रायोगिक म्हणून सुरू व्हावा, आणि किन्हवली व डोळखांबकडून आसनगावला येणाऱ्या मार्गांचाही त्यात समावेश असावा.

विद्यार्थिनींचा प्रश्न यात सर्वांत आधी सोडवावा, कारण तिथला भेद उघड अन्यायाचा आहे. रेल्वे पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते महाविद्यालय दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देते. महामंडळाची अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाची मोफत पास योजना बारावीपर्यंत आहे, त्यानंतर विद्यार्थी सवलतीने एकतृतीयांश भाडे भरावे लागते. कल्याणच्या एकाच महाविद्यालयात, एकाच वर्गात बसणाऱ्या दोन मुलींपैकी आसनगावची विनामूल्य येते आणि मुरबाडची दर महिन्याला पैसे भरते. ज्या घरात मुलीला पुढे शिकवायचे की नाही यावर अजून विचार चालू असतो, तिथे हा खर्च हे नाही म्हणण्याचे कारण होऊ शकते. महामंडळाने पदवीपर्यंतचा मोफत पास मुरबाड आणि शहापूर आगारांच्या हद्दीत येत्या शैक्षणिक वर्षापासून लागू करावा, आणि जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी त्याचे अर्ज गावागावांतल्या शाळांमध्ये पोहोचवावेत.

कळावे,
शहापूर व मुरबाड तालुक्यांतील नियमित प्रवाशांच्या वतीने