हिशेबी शेतकरी आणि त्याचे इतिहासकार

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जखते हिसकावून जाळली. पाहता पाहता पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. आपल्याकडे याचे स्पष्टीकरण बहुधा एका वाक्यात उरकले जाते: पिळवणूक असह्य झाली आणि सोशिक शेतकऱ्याच्या संयमाचा बांध फुटला. हा 'बांध' मला नेहमीच खटकतो. काही ठिकाणी धान्याची दुकाने लुटली गेली, घरेही पेटली, हे खरे. पण माणसांवर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे झाले. रोख होता तो कागदांवर. संयम सुटलेला जमाव कागद निवडून जाळत बसत नाही.

अर्थशास्त्रातला 'रॅशनल चॉइस' सिद्धांत इथे उपयोगी पडतो. माणूस आपल्या परिस्थितीत नफातोट्याचा अंदाज घेऊन वागतो, एवढेच त्याचे मूळ गृहीतक. सॅम्युअल पॉपकिन यांनी १९७९ साली व्हिएतनामी शेतकऱ्याबद्दल ते मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर शेतकऱ्याच्या नैतिक अर्थव्यवस्थेची मांडणी करणारे जेम्स स्कॉट होते. तो वाद आपल्या दख्खनलाही लागू पडतो.

प्रश्न असा की १८७५च का? अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१–६५) कापसाला तेजी आली, तेव्हा सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. खत जाळणे म्हणजे उद्याच्या कर्जावर पाणी सोडणे. तेजीत ते परवडणारे नव्हते. पुढे भाव कोसळले, महसुलाची फेरआकारणी झाली आणि सावकारांनीच हात आखडते घेतले. उद्याचे कर्ज मिळणारच नसेल, तर आजचे खत जपण्यात शेतकऱ्याचा फायदा कोणता? शिवाय खत जळाल्यावर दिवाणी न्यायालयात दावा कशाच्या आधारे लावणार? पूर्वी वसुलीसाठी सावकाराला गावाची मर्जी राखावी लागे. नव्या कायद्यांनी ती गरज संपवली आणि सारी सत्ता त्या कागदात आणून ठेवली. शेतकऱ्याने हे अचूक ओळखले होते. त्याला भोळा म्हणण्यात आपण दया दाखवतो, पण त्याची बुद्धी काढून घेतो.

दुसरा प्रश्न मॅन्कर ओल्सन यांचा (१९६५): लाभ सर्वांना मिळणार असेल तर धोका एकट्याने का पत्करावा? शिरूर तालुक्यातील करडे गावाने याचे उत्तर दंग्यांच्या आधीच, १८७४ मध्ये, शोधले होते. सावकाराची जमीन कसणाऱ्याची वा त्याची चाकरी करणाऱ्याची न्हावी, परीट, सुतार यांनी कामे करू नयेत असे ठरले. फुकटात लाभ उपटू पाहणाऱ्याला वठणीवर आणायची ही तजवीज ओल्सनच्या सिद्धांतात चपखल बसते.

इथवर सिद्धांत जिंकतो, आणि नेमका इथेच त्याचे भक्त थांबतात. बहिष्कार घालण्याचा अधिकार गावात कोणाला होता? बलुतेदाराने 'नाही' म्हटले असते तर? नफातोट्याच्या कोष्टकात हा अधिकार आयता गृहीत धरला जातो. तो आला जातिव्यवस्थेतून आणि गावकीतून. त्याहून अवघड गोष्ट अशी की रोष ओढवला तो जवळजवळ केवळ मारवाडी व गुजर सावकारांवर. ब्राह्मण सावकार बहुतेक बचावले. कर्ज तर कर्जच, खत कोणाचेही असो. मग ही निवड कशी लावायची? 'परक्याला लुटणे स्वस्त पडते' असे उत्तर देता येते, पण 'परका' कोण हे ठरवणारा इतिहास त्या उत्तरात नाही. घडलेल्या प्रत्येक गोष्टीला मागाहून 'तोच फायद्याचा निर्णय होता' असे म्हणता येऊ लागले, की सिद्धांत चुकूच शकत नाही. आणि जो चुकू शकत नाही तो इतिहासकाराच्या कामाचा नाही.

एक गंमत मात्र नोंदवायला हवी. आपली बरीचशी माहिती ज्या चौकशी आयोगाच्या अहवालातून येते, तो सरकारनेच नेमलेला होता. सरकारी सारा हे दंग्याचे कारण आहे काय, हेही त्याने तपासायचे होते. त्याने दोष सावकाराच्या पदरी घातला आणि साऱ्याला मोकळे केले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, तोही सावकार आणि न्यायालय यांच्यापुरताच. नफातोट्याचा हिशेब शेतकऱ्याला लावणारे अभ्यासक तो अहवाल लिहिणाऱ्यांना मात्र क्वचितच लावतात.