निळी गोळी कुठे जाते?

आठवड्यातून एकदा शाळेत मिळणारी निळी गोळी तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीची असेल. त्यात असतं लोह आणि फॉलिक आम्ल. समजा, एकाच बाकावरच्या दोघी मैत्रिणींना ती मिळाली. एकीची आई म्हणाली, "जेवल्यावर घे हं, उपाशीपोटी मळमळतं." दुसरीची आजी म्हणाली, "कशाला ती गोळी? शी काळी होते!" झालं! पुढच्या आठवड्यात दुसरीची गोळी खिडकीबाहेर!

शाळा एक, पुस्तक एक, बाईही त्याच. मग फरक कुठे पडला? घरात! आरोग्याचे पहिले धडे आपण घरीच गिरवतो.

आजीचं म्हणणं अगदीच खोटं नाही बरं का! लोहामुळे शी काळसर होते, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि लोखंडी कढईतली भाजी, पालेभाजीवर पिळलेलं लिंबू या आजीच्याच युक्त्या रक्तवाढीला मदत करतात. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

जिना चढताना मुलीला धाप लागली, की काही घरांत "आळशी झालीस" म्हणतात, तर काही घरांत रक्त तपासून घेतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींमागे ५९ जणींना रक्तक्षय आढळला. मुलग्यांमध्ये हाच आकडा ३१ होता. दर महिन्याची पाळी हे यामागचं एक कारण आहेच. पण कित्येक घरांत आई आणि मुली सगळ्यांच्या मागून जेवतात, आणि तोवर उसळीच्या पातेल्यात नुसता रस्सा उरलेला असतो! अशा घरातल्या मुलीला आपलं काही चुकतंय, हे कळणार तरी कसं?

म्हणून या रविवारी एक गंमत करा. सगळ्यांची ताटं एकदमच घ्या आणि उसळ सगळ्यांना सारखी वाढा. वाढायचं काम मुलग्यांचं! जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला.

आणि आईबाबा, मुलगी "दमले" म्हणाली, तर रागावण्याआधी तिला जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. रक्ताच्या एका थेंबावरून हिमोग्लोबिन कळतं.

मग, रविवारी कोण वाढणार?