ती जंगलात का गेली?

मे महिना आला की आमच्या पूर्व विदर्भातल्या पेपरांत एक बातमी हमखास असते. तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या महिलेवर वाघाचा हल्ला, महिला जागीच ठार. गाव बदलतं, तालुका बदलतो, बातमी तीच. १० मे २०२५ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तिघीजणी गेल्या. तेंदूची पानं तोडायलाच निघाल्या होत्या. त्यातल्या दोघी एकमेकींच्या सासू-सुना. एका घरातून एकाच दिवशी दोन तिरड्या निघाल्या.

त्या बातमीवर आमच्या कॉलनीत चार दिवस चर्चा चालली होती. भाजीच्या गाडीवर, भिशीत, संध्याकाळी फिरायला गेल्यावर. सगळ्या हळहळल्या, पण हळहळीच्या पाठोपाठ एक वाक्य ठरलेलं होतं. ‘एवढे वाघ आहेत हे माहीत असून कशाला जायचं बाई जंगलात?’ कुणी तर म्हणालं, ‘या लोकांना सरकार एवढं सांगतं, पण ऐकतील तर शपथ!’

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला गप्प बसू देईना. कारण तो प्रश्न नाहीच, तो ठपका आहे. बाईचं काही वाईट झालं की ‘ती तिथे गेलीच कशाला?’ हे आपण दुसऱ्या कितीतरी बाबतीत ऐकलंय आणि त्यावर चिडलोयसुद्धा. मग जंगलाकाठच्या बाईलाच तेवढं असं का विचारावं? पण विचारलंच आहे, तर त्याचं उत्तरही नीट ऐकू या.

आमच्या आठवडी बाजारात एक मावशी येते. हंगामाप्रमाणे तिच्या टोपलीत कधी चारं, कधी टेंभरं, कधी वाळवलेली मोहफुलं, कधी सीताफळं. मी तिला सरळच विचारलं, ‘मावशी, भीती नाही वाटत?’ ती हसली. म्हणाली, ‘भेव तं वाटतेच ना बाई. पन जंगलात नाही गेलो तं पोराचं बी-बियानं कोन घेऊन देईन?’ आणि तिनं मला हिशेब सांगितला. तेंदूचा हंगाम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. कोवळं पान मे महिन्यातच मिळतं, नंतर ते राठ होतं. पहाटे निघायचं, उन्हं चढायच्या आत ओझं डोक्यावर घेऊन परत यायचं आणि मग दुपारभर घरातली लहान-मोठी सगळी माणसं अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसतात. संध्याकाळी ते फळीवर नेऊन मोजून द्यायचे. हातात रोख पैसा येतो तो नेमका जून तोंडावर असताना. धानाचं बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं, मागच्या वर्षीची उधारी, सगळं त्यातूनच. तुमच्या-माझ्या घरी जसा दिवाळीचा बोनस, तसा तिच्या घरी तेंदू. फरक इतकाच की बोनस घ्यायला जाताना आपल्याला कुणी मागून झडप घालत नाही.

त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. मोह पहाटे गळतो. वेचायला उशीर झाला तर गुरं खातात, जंगली जनावरं खातात. म्हणजे अंधार पुरता सरायच्या आत झाडाखाली पोहोचायला हवं, आणि फुलं वेचायची ती खाली वाकून किंवा उकिडवं बसून. वन खात्याची माणसं सांगतात की वाकून काम करणारा माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, चार पायांचं जनावर वाटतं. तेंदूचंही तेच, झुडपं असतात कमरेएवढी. सरपण वेचणारी, गवत कापणारी, सगळ्या वाकलेल्याच. आता सांगा, जी कामं वाकून करायची ती आपल्याकडे कुणाच्या वाट्याला येतात?

हे झालं तिचं. आता वाघ तिथे का होता, तेही बघायला हवं.

वाघ वाढले, हे खरं आहे आणि आनंदाचं आहे. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२ मध्ये ते ४४४ झाले आणि त्यातले सर्वाधिक चंद्रपूर जिल्ह्यात. ताडोबा हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. १९९५ मध्ये ते अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झालं. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे जिप्सीत बसून आल्या आहेत, वाघिणीचे पिल्लांसकट फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून झाले आहेत. (मीही गेले आहे. दिसला की अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू!) पण पिल्लू दोनेक वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं. त्याला स्वतःचा इलाखा शोधावा लागतो. आपला मुलगा शिकून पुण्याला नोकरी शोधायला निघतो ना, तसंच. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये असाच निघाला आणि तेराशे किलोमीटरवर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं. शेतं, नाले, हमरस्ते ओलांडत गेला बिचारा, आणि तिथे पोहोचल्यावर वाघीण एकही नाही!

तर, वाघाला जायला वाट लागते. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात नेणाऱ्या झाडीच्या या पट्ट्यांना भ्रमणमार्ग म्हणतात. गेल्या काही दशकांत आपण नेमके तेच तोडत आलो. चंद्रपूरच्या भोवती कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. खुली खाण म्हणजे आधी वरचं जंगल काढायचं, मग माती काढायची, मग कोळसा. त्या मातीचे डोंगर बाजूला रचले जातात, त्यावर वेडी बाभूळ माजते, त्यात रानडुकरं येतात आणि डुकरांच्या मागे बिबट्या नि वाघ. म्हणजे त्याचं साल-दरसालचं जंगल काढून घेतलं आणि गावाला खेटून त्याला काट्याकुट्यांचं नवं घर बांधून दिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या परिसरात कामावरून परतणारा कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला आणि त्याच सुमारास शेजारच्या दुर्गापूरमधून बिबट्यानं एका मुलाला उचलून नेलं. हे काही घनदाट अरण्यात घडलेलं नाही, दिव्यांच्या झगमगाटात घडलेलं आहे.

खाणीच्या जोडीला रस्ते चौपदरी झाले. गोसीखुर्द धरणाचा उजवा कालवा ब्रह्मपुरीकडच्या जंगलपट्ट्यातून गेला. त्याच्या उभ्या सिमेंटच्या भिंती जनावराला ओलांडता येत नाहीत आणि पडलं तर वर येता येत नाही. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्ग तर जंगलातूनच जातो. १५ नोव्हेंबर २०१८ ला त्या रुळांवर वाघाचे तीन बछडे एकाच गाडीखाली सापडले. तिन्ही भावंडं.

आता एखाद्या वहीच्या पानावर जंगल काढा आणि त्यावर या सगळ्या रेघा मारा. उरतात ते तुकडे. त्या तुकड्यात वाघ असतो, कारण त्याला पुढे सरकायला वाट नाही. आणि त्याच तुकड्यात मावशी असते, कारण तिची आधीची मोहाची झाडं खाणीत गेली, चराईचा पट्टा कालव्यापलीकडे राहिला. म्हणजे दोघांनाही आपणच एका खोलीत कोंडलंय आणि वर मावशीला विचारतोय, तू तिथे गेलीस कशाला?

कोळसा जातो कुठे? चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅटचं, राज्यातल्या सरकारी वीजकेंद्रांत सगळ्यात मोठं. तिथली वीज सगळ्या महाराष्ट्रात फिरते. माझ्या घरचा मिक्सर, फ्रिज, उन्हाळ्यातला कूलर त्यावरच चालतो. मी ते सगळं बंद करून चूल फुंकायला बसणार नाही, आणि तुम्हीही बसू नका. वीज हवी, रस्ता हवा. बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोहोचते ती रस्त्यामुळेच, हे मी विसरत नाही. माझं भांडण एवढ्यावरच आहे की या सगळ्याचं बिल दर वेळी एकाच दारात कसं जातं?

कुणी म्हणेल, भरपाई मिळते की. मिळते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर महाराष्ट्र सरकार आता २५ लाख रुपये देतं. ही रक्कम आधी फार कमी होती, ती वाढली हे चांगलंच झालं. आणि तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावायची, असाही कायदा आहे. मावशीला मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, ‘कुठं लावली?’ मला काही सांगता येईना. मग तीच म्हणाली, ‘तिकडं दुसऱ्या तालुक्यात झाड लावलं तं मी तिकडं जाऊ कशी? अन् लावलं बी तं साग लावते. सागाले का फुलं येते का खाच्याले?’ मोहाचं झाड लावलं तरी ते भरून फुलायला निदान आठ-दहा वर्षं जातात. तोवर मधली वर्षं तिनं काय वाळवायचं आणि काय विकायचं?

उपाय नाहीतच असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नागपूरहून शिवनीला जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करायचं ठरलं तेव्हा वन्यजीवप्रेमी मंडळी अडून बसली, प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांत गेलं, आणि शेवटी महाराष्ट्रातल्या टप्प्यात रस्ता नऊ ठिकाणी उचलून खालून जनावरांना वाट ठेवली गेली. त्यातला सगळ्यात लांब भाग ७५० मीटरचा आहे. २०१९ मध्ये खाली कॅमेरे लावून पाहिलं तर अठरा जातींचे प्राणी ये-जा करताना दिसले, वाघसुद्धा. वरून ट्रक, खालून वाघ! खर्च वाढला, वेळ गेला, अडून बसलेल्यांना विकासविरोधी म्हणून शिव्या बसल्या. पण रस्ता झालाच ना? ताडोबाला खेटून लोहारा इथे कोळशाची खाण येणार होती. चंद्रपूरच्या लोकांनी उपोषणं केली आणि २००९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानं ती रोखली. म्हणून चंद्रपूर काही अंधारात बुडालं नाही.

आणि पाचगावचं तर मुद्दाम सांगते. गोंडपिपरी तालुक्यातलं हे छोटंसं गाव. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये भोवतालच्या हजारएक हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेनं बांबू स्वतः तोडून स्वतः विकायला सुरुवात केली, कामासाठी बाहेरगावी जाणं थांबलं. आणि त्यांनी ठरवलं, तेंदू तोडायचा नाही. तेंदूसाठी झाडं छाटावी लागतात, आग लावली जाते, आणि शेवटी त्या पानाची विडीच होते, तीही माणसाला मारते. चांगला रोख पैसा देणारं पीक त्यांनी आपणहून सोडलं. सोडता आलं, कारण हातात बांबूचा पैसा होता आणि जंगल कुणाच्या तरी कागदावर नाही, त्यांच्या ताब्यात होतं. ‘जंगलात जाऊ नका’ असं फलकावर लिहून जे होत नाही, ते असं होतं. सगळ्या गावांना बांबूचं जंगल नाही, हे मान्य. पण हक्काचे दावे करूनही कागद धूळ खात पडलेली गावं कितीतरी आहेत.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तालुक्याच्या गावात राहणाऱ्या बायका, आम्ही यात काय करणार? एक गोष्ट सांगते, फारशा जणींना माहीत नसते. मोठी खाण किंवा मोठा प्रकल्प यायचा असेल तर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाला, काही अपवाद सोडले तर, तिथे जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान तीस दिवस आधी पेपरात द्यावी लागते, आणि त्यातला एक पेपर स्थानिक भाषेतला असावा लागतो. ती असते आपल्याच पेपरात, आतल्या पानावर, जमिनीच्या व्यवहाराच्या जाहीर नोटिसांशेजारी, मुंगीच्या अक्षरांत. आपण ते पान पोळ्यांच्या डब्यात घालतो. यापुढे घालायच्या आधी वाचा. सुनावणीला कुणीही जाऊ शकतं, कुणीही बोलू शकतं, लेखी हरकतही देऊ शकतं.

मी अशा एका सुनावणीला गेले होते. मोठा मांडव, पुढे सोफे, मग खुर्च्या, पुरुष खुर्च्यांवर नि बायका मागे सतरंजीवर. दोन तास नोकऱ्यांबद्दल भाषणं झाली. मग मागून एक म्हातारी उठली, पदर खोचला आणि तिनं माइकसुद्धा न घेता विचारलं, ‘कुंपन घालाल तं आमची मोहाले जायची वाट कोनीकडून?’ मांडवात हशा पिकला. कुणीतरी ‘आजी, बसा, बसा’ म्हणालं. पण नियम असा आहे की सुनावणीत जे जे बोललं गेलं ते सगळं इतिवृत्तात लिहायचं आणि शेवटी लोकांसमोर त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या दोन पोरींना हे ठाऊक होतं. सगळे नाश्त्याच्या पाकिटांकडे वळले तरी त्या हलल्या नाहीत. इतिवृत्त वाचायला लावलं. त्यात आजीचा प्रश्न नव्हता. त्यांनी तो लिहायला लावला, पुन्हा वाचून घेतला, मगच उठल्या. तोवर अंधार पडला होता आणि परतीची शेवटची एसटी निघून गेली होती.